बोटाला पोच आधी, कामाचा निकाल नंतर

वेब ॲप संथ का वाटतात, यावरच्या वादात अलीकडे दोन तट पडले आहेत. एका तटाचं म्हणणं असं की वेग ही मोजायची गोष्ट आहे. सर्व्हर किती मिलिसेकंदांत उत्तर देतो, किती कोड ब्राउझरमध्ये उतरतो, ते आकडे खाली आणा. बाकी सगळी रंगसफेदी. दुसरा तट म्हणतो, आकडे वापरणाऱ्याला दिसतच नाहीत, त्याला जाणवतो तोच वेग. म्हणून राखाडी पट्ट्यांचं स्केलेटन दाखवा, फिरतं चक्र जरा देखणं करा, वाट पाहणं सुसह्य करा. दोन्हीकडे अनुभवी माणसं आहेत आणि दोन्ही बाजू काही अंशी बरोबरही आहेत. पण या रस्सीखेचीत मूळ प्रश्न बाजूलाच राहतो. माणसाने बटण दाबलं, अक्षर टाइप केलं, यादी सरकवली, त्या क्षणी पडद्याने त्याला काय उत्तर दिलं?

माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक क्लिकमागे ॲप दोन गोष्टींचं देणं लागतं. पहिली पोच: तुमची कृती माझ्यापर्यंत आली. दुसरा निकाल: काम झालं किंवा झालं नाही. निकालाला वेळ लागू शकतो, कधी कधी तो लागलाच पाहिजे. पोच द्यायला मात्र वेळ लागायचं काही कारण नाही. ती त्याच यंत्रावर, त्याच पडद्यावर, पापणी लवायच्या आत देता येते. आणि ती खरी असली पाहिजे, म्हणजे जे झालेलं नाही ते झालं असं तिने सांगता कामा नये. वेगावरून होणारी आपली बहुतेक भांडणं या दोन गोष्टी एकत्र कालवल्यामुळे होतात. पहिला तट निकालाच्या मागे लागून पोच विसरतो, दुसरा तट पोचेच्या जागी करमणूक देतो.

हा फरक आज सुचलेला नाही. आयबीएममधल्या रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली माणूस आणि संगणक यांच्या संवादातल्या प्रतिसादवेळेवर एक निबंध मांडला. मिलर यांनी सगळ्या कामांना एकच मर्यादा लावली नाही. कळ दाबल्याची खूण सेकंदाच्या दहाव्या भागात दिसली पाहिजे, साध्या चौकशीच्या उत्तराला दोन सेकंद चालतील, अवघड कामाला त्याहून जास्त, असा कृतीगणिक वेगळा हिशेब त्यांनी केला. पुढे १९९३ मध्ये वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी तीन ढोबळ टप्पे लोकांपुढे ठेवले. सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत माणसाला वाटतं की हे आपल्याच हातून झालं. एका सेकंदापर्यंत विचाराचा धागा तुटत नाही. दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जातं. या मर्यादा माणसाच्या मेंदूच्या आहेत. म्हणून मधल्या काळात प्रोसेसर कितीही पटींनी वेगवान झाले तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग इतक्या वेगवान यंत्रांवर पोच का चुकते? १९८३ च्या ॲपल टू-ई या संगणकावर कळ दाबल्यापासून अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत सुमारे ३० मिलिसेकंद लागतात, असं प्रत्यक्ष मोजणीत दिसलं आहे. आजच्या अनेक यंत्रांना, ब्राउझर तर सोडाच, साध्या टर्मिनलमध्ये, म्हणजे फक्त टाइप केलेल्या आज्ञांच्या खिडकीत, तेच अक्षर उमटवायला याहून जास्त वेळ लागतो. त्या जुन्या संगणकाचा प्रोसेसर जेमतेम एक मेगाहर्ट्झचा. पण कळीकडे लक्ष द्यायला तो मोकळा असायचा. आपल्या वेब ॲपमध्ये हरवला आहे तो हा मोकळेपणा.

एक अगदी ओळखीचं उदाहरण जवळून पाहू. वर शोधायची चौकट, खाली पाच हजार नोंदींची यादी. तुम्ही चौकटीत 'क' टाइप करता. ब्राउझरच्या मेन थ्रेडला, म्हणजे पानाची कामं एकामागून एक करणाऱ्या मुख्य धाग्याला, ती कळ मिळते आणि त्यावर बसवलेला कोड चालू होतो. तो पाचही हजार नोंदी चाळतो, जुळणाऱ्या नोंदींच्या ओळी नव्याने तयार करतो, मग ब्राउझर त्यांची शैली ठरवतो, प्रत्येकीची जागा मोजतो, रंगवतो. हे सगळं होईपर्यंत चौकटीतलं 'क' हे अक्षर पडद्यावर येत नाही, कारण अक्षर काढायचं कामही त्याच थ्रेडकडे आहे. एकच खिडकी, एकच कारकून, आणि त्याच्यापुढे फायलींचा ढीग. दरम्यान तुम्ही 'का', 'काम' टाइप करून मोकळे झालेले असता. पडदा थिजलेला असतो, आणि मग तिन्ही अक्षरं एकदम धाडकन येतात. सर्व्हरचा यात कणभर संबंध नाही. पण तक्रार आली की बैठकीत चर्चा होते ती सर्व्हर वाढवायची.

यावरचा उपाय गूढ नाही. अक्षर आधी उमटू द्यायचं आणि यादीचं काम त्यानंतरच्या फ्रेमवर, म्हणजे पडद्याच्या पुढच्या रंगवणीवर, ढकलायचं. पाच हजारांपैकी पडद्यावर मावतात तेवढ्याच ओळी बांधायच्या, सरकवलं की पुढच्या. जड गणित असेल तर ते वेब वर्करकडे, म्हणजे मेन थ्रेडबाहेर चालणाऱ्या मदतनिसाकडे, द्यायचं. मोठं काम लहान तुकड्यांत तोडायचं आणि दर तुकड्यानंतर ब्राउझरला विचारायचं, मध्ये कुणी काही दाबलं का? पडदा साधारणपणे सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो, म्हणजे एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. ५० मिलिसेकंदांपेक्षा लांबलेल्या कामाला ब्राउझरच्या परिभाषेत 'लाँग टास्क' म्हणतात, आणि त्या अवधीत माणूस काहीही दाबू दे, त्याच्याकडे बघायला कुणी नसतं. यादीची शैली बदलायची आणि लगेच तिची उंची विचारायची, पुन्हा बदलायची, पुन्हा विचारायची, असं लूपमध्ये लिहिलं की ब्राउझरला प्रत्येक फेरीत सगळी मांडणी नव्याने मोजावी लागते. ही चूक किती सहज होते आणि किती महागात पडते, हे अशी पानं प्रोफाइलरमध्ये, म्हणजे वेळ कुठे जातो ते दाखवणाऱ्या साधनात, उघडून पाहिलेल्या कुणालाही ठाऊक आहे.

शोध सर्व्हरवर होत असेल तर आणखी एक खोच असते. 'का'ची रिक्वेस्ट आधी गेली, 'काम'ची नंतर. पण 'का'चं उत्तर उशिरा आलं आणि त्याने 'काम'ची बरोबर यादी पुसून टाकली. चौकटीत एक शब्द, खाली दुसऱ्याच शब्दाचे निकाल. हे झालं की माणूस शब्द खोडून पुन्हा टाइप करतो आणि 'ॲप स्लो आहे' असं म्हणतो. प्रत्यक्षात ॲप वेगात होतं, चुकीच्या क्रमाने. जुनी रिक्वेस्ट रद्द करणं किंवा निदान तिचं उत्तर टाकून देणं, एवढ्या दोन ओळींचं हे काम आहे. जाणवणारा वेग आणि अचूकपणा इतके एकमेकांत गुंतलेले असतात. म्हणूनच 'जाणवणं' म्हणजे वरवरचं काहीतरी असं मानणारा पहिला तट मला पटत नाही.

ब्राउझरच्या इतिहासातच याचा मोठा पुरावा आहे. २००७ मध्ये आयफोन आला तेव्हा वेबपानं मोठ्या पडद्यांसाठी लिहिलेली होती, म्हणून दोनदा टॅप केलं की पान मोठं व्हायची सोय सफारीत होती. पहिल्या टॅपनंतर दुसरा येतोय का, हे बघायला ब्राउझर सुमारे ३०० मिलिसेकंद थांबायचा. परिणामी मोबाइलवरचं प्रत्येक बटण, कुठल्याही सर्व्हरचं असो, ३०० मिलिसेकंद उशिराच जागं व्हायचं. मोबाइलसाठीच मांडलेल्या पानांवरून हा विलंब क्रोमने २०१४ च्या सुमारास काढला, आयफोनवर तो २०१६ मध्ये गेला. मधली कित्येक वर्षं लोक म्हणत होते की वेब ॲपला मोबाइल ॲपची सर येत नाही. त्या मतामागे इतरही कारणं होती, पण हा थांबा त्यातलं ठळक कारण होता.

आता पहिल्या तटाचा सगळ्यात भक्कम मुद्दा घेऊ. ते म्हणतात, खरा वेग वाढवला तर पोचेचा प्रश्नच उरत नाही. पन्नास मिलिसेकंदांत निकालच मिळाला तर वेगळी पोच कशाला? अगदी रास्त. जिथे शक्य आहे तिथे हेच करावं. वीस सेकंद लागणारी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, इंडेक्स (शोधसूची) लावून अर्ध्या सेकंदावर आणता येत असेल तर तिच्यासाठी ॲनिमेशन रंगवत बसणं हा कामचुकारपणा आहे, आणि असा कामचुकारपणा सर्रास होतो हेही मान्य. पण या मार्गाला एक भिंत आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर दहा हजार किलोमीटरवर असेल तर निव्वळ जाऊन यायला १०० मिलिसेकंद लागतात. राउटर, मोबाइल नेटवर्क, डेटाबेस यांचा वेळ अजून धरलेलाच नाही. मिलर यांची मर्यादा इथेच संपली. सर्व्हर कितीही तल्लख केला तरी ही भिंत ओलांडता येणार नाही. सर्व्हर जवळ आणून काही कामं सुटतात. पण सगळा डेटा सगळीकडे ठेवता येत नाही आणि मोबाइलची रेंज आपल्या हातात नसते. म्हणजे बोटाला मिळणारं उत्तर बोटाखालच्या यंत्रानेच दिलं पाहिजे, हे भौतिकशास्त्रच सांगतं.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो नैतिक आहे. सर्व्हरने होकार देण्याआधीच पडद्यावर बदल दाखवणं, ज्याला ऑप्टिमिस्टिक अपडेट म्हणतात, हे खोटं बोलणं नाही का? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. खोटं बोलणारी ऑप्टिमिस्टिक अपडेट मी भरपूर पाहिली आहेत: टिप्पणी 'प्रकाशित झाली' असं दिसतं, माणूस पान बंद करतो, मागे रिक्वेस्ट अपयशी होते आणि ते त्याला कधीच कळत नाही. हे अक्षम्य आहे. पण ही चूक आधी दाखवण्यातली नाही. कच्ची गोष्ट पक्की म्हणून दाखवली, तिथे ती झाली. मॉश हा २०१२ मधला रिमोट टर्मिनल बघा. दूरच्या सर्व्हरवर टाइप करताना तो अक्षर लगेच उमटवतो, आणि संपर्क संथ असेल तर सर्व्हरकडून खातरी होईपर्यंत ते अधोरेखित ठेवतो. ती रेघ म्हणजे प्रामाणिक पोच: अक्षर मिळालं आहे, तिकडून दुजोरा यायचा आहे. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवला की तो क्षणात गप्पांमध्ये येतो, पण शेजारी घड्याळ असतं. सर्व्हरला पोचला की एक टिक, समोरच्याच्या फोनवर पोचला की दोन. कोट्यवधी लोक ही भाषा कुणी न शिकवता वाचतात. वापरणाऱ्याला कच्चं-पक्कं कळत नाही, म्हणून सगळं थोपवून धरावं, हा युक्तिवाद यापुढे कसा टिकतो?

संगणकीय खेळांनी हा प्रश्न वेबच्या कितीतरी आधी सोडवला. १९९६ मध्ये आलेल्या 'क्वेक'मध्ये इंटरनेटवरून खेळताना पाऊल टाकायची आज्ञा सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायची, तेव्हा कुठे पडद्यावर पाऊल पडायचं. मोडेमवर खेळणाऱ्याला ते असह्य होई. त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या 'क्वेकवर्ल्ड'ने खेळाडूची हालचाल त्याच्याच यंत्रावर लगेच दाखवायला सुरुवात केली आणि सर्व्हरचं म्हणणं वेगळं निघालं तर दुरुस्ती केली. अंतिम शब्द सर्व्हरचाच राहिला. गोळी कुणाला लागली हे तोच ठरवायचा. पोच इकडे, निकाल तिकडे, ही वाटणी तिथे नेमकी केलेली होती.

सगळीकडे हे चालणार नाही, हे उघड आहे. पैसे पाठवणं, आसन राखून ठेवणं, परीक्षेची उत्तरपत्रिका जमा करणं, अशा ठिकाणी 'झालं' हा शब्द सर्व्हरने सांगितल्याशिवाय पडद्यावर येता कामा नये. पण तिथेही पोच रोखून धरायचं काय कारण? बटण दाबल्याबरोबर ते दबलेलं दिसावं, पुन्हा दाबता येऊ नये, त्यावर 'पाठवत आहे' अशी अक्षरं यावीत. हे केलं नाही तर काय होतं? माणसाला वाटतं की आपलं बोट नीट लागलं नाही. तो पुन्हा दाबतो. दोन रिक्वेस्ट जातात, आणि सर्व्हरने दुसरी ओळखली नाही तर पैसे दोनदा कापले जातात. सर्व्हरने एकाच व्यवहाराची पुनरावृत्ती ओळखलीच पाहिजे, तो बचाव वेगळा. पण दुसरं बोट पडतं ते पोच न मिळाल्यामुळे.

आता दुसऱ्या तटाकडे. वाट पाहणं सुसह्य करता येतं, हे त्यांचं म्हणणं खरं आहे आणि त्याला संशोधनाचा आधार आहे. संशोधक ब्रॅड मायर्स यांनी १९८५ मध्येच दाखवलं की किती टक्के काम झालं हे सांगणारी पट्टी लोकांना हवी असते. २०१० च्या एका प्रयोगात पट्टीवरच्या रेषांची हालचाल बदलून तेवढाच वेळ सुमारे ११ टक्के कमी भासवता आला. पण हे प्रयोग लांबलचक कामांचे आहेत: फाइल चढवणं, काहीतरी बसवणं. तिथे पट्टी हवीच, खरी हवी. आपण तोच उपाय उचलून प्रत्येक क्लिकवर लावला, ही गफलत. दीडशे मिलिसेकंदांत येणाऱ्या उत्तराआधी स्पिनर, म्हणजे ते फिरतं चक्र, चमकवला तर माणसाला उगीचच 'आता थांबायचं आहे' असा निरोप मिळतो आणि वेगवान पान संथ भासतं. टाइप केलेलं अक्षर उशिरा उमटत असेल तर कुठली रेष तिथे कामी येणार? मेन थ्रेड अडकलेला असताना तर बरीच ॲनिमेशनंही अडकतात. रंगसफेदीसुद्धा त्याच कारकुनाने करायची असते.

स्केलेटनबद्दल माझं मत थोडं कडक आहे. मजकूर कुठे येणार याची जागा धरून ठेवायला ते चांगलं. त्यामुळे पान उड्या मारत नाही आणि बोट चुकीच्या बटणावर पडत नाही. पण यादीत काय आहे हे ॲपला आधीपासून माहीत असताना, म्हणजे मागच्याच मिनिटाला पाहिलेल्या पानावर परत आल्यावर, पुन्हा राखाडी पट्ट्या दाखवणं ही शुद्ध विस्मरणशक्ती आहे. हाताशी असलेला जुना मजकूर दाखवा, 'ताजं करत आहे' अशी बारीक खूण ठेवा आणि नवं आलं की बदला.

तिसरं म्हणणं खर्चाचं आहे. छोट्या टीमला फ्रेमवर्कमुळे, म्हणजे तयार कोडच्या सांगाड्यामुळे, जे बांधता येतं ते पूर्वी शक्य नव्हतं, आणि शंभरेक मिलिसेकंदांसाठी आठवडे घालवण्यापेक्षा वैशिष्ट्यं वाढवावीत. यंत्रं तशीही वेगवान होतच आहेत. यातला पहिला भाग मी मनापासून मान्य करतो. शेवटचा मात्र आपण फार दिवस ऐकत आलो आहोत. पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक निक्लाउस विर्थ यांनी १९९५ मध्येच तक्रार केली होती की यंत्रं जितक्या वेगाने सुधारतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर जड होतं. तीस वर्षांत हे उलटं झाल्याचं दिसतं का?

आणि एवढा विलंब लोकांना कळत नाही, हेही खरं नाही. १९८२ पर्यंत आयबीएममध्ये समज होता की दोन सेकंद उत्तर आलं नाही तरी बिघडत नाही, तेवढ्यात माणूस पुढचा विचार करतो. तिथल्याच वॉल्टर डोहर्टी आणि अरविंद थडानी यांनी दाखवलं की संगणक जसा लवकर उत्तर देतो तसा माणूसही पुढची आज्ञा लवकर देतो. उत्तर सेकंदाच्या अर्ध्याहून खाली आलं की काम कितीतरी जास्त होतं. २००९ मध्ये गूगलने शोधाचे निकाल मुद्दाम १०० ते ४०० मिलिसेकंद उशिरा दाखवून पाहिले. लोकांचे शोध ०.२ ते ०.६ टक्क्यांनी घटले, आणि विलंब काढून टाकल्यावरही काही काळ ते पूर्ववत झाले नाहीत. त्यातल्या कितीजणांना 'आज संथ आहे' असं सांगता आलं असतं? बहुधा फार थोड्यांना. न कळतासुद्धा माणूस मागे सरतो.

मोजमाप हाच कस असेल तर निदान योग्य गोष्ट मोजू. पानांची तत्परता जोखायचं गूगलचं जुनं मापक पानावरच्या फक्त पहिल्या कृतीचा, आणि तोही कोड सुरू होईपर्यंतचाच विलंब धरायचं. त्यानंतर कोडने किती वेळ खाल्ला, पडदा कधी बदलला, हे त्यात येतच नव्हतं. म्हणून अडकणारी पानंही उत्तीर्ण व्हायची. १२ मार्च २०२४ पासून त्याच्या जागी 'इंटरॅक्शन टू नेक्स्ट पेंट' आलं. ते पानावरचे सगळे क्लिक, टॅप आणि कळा बघतं आणि दाबल्यापासून पडद्यावर पुढचं चित्र उमटेपर्यंतचा वेळ धरतं. २०० मिलिसेकंदांपर्यंत चांगलं, ५०० च्या वर वाईट. हे मापक निकालाची वाट पाहत नाही, पोच मोजतं. दोन्ही तटांनी ज्याकडे पाठ फिरवली होती ते अखेर आकड्यात आलं.

त्यातही एक अट पाळली पाहिजे. डेव्हलपरच्या नव्याकोऱ्या लॅपटॉपवर सगळंच चटपटीत चालतं. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये प्रोसेसर चार पट, सहा पट संथ करायची सोय आहे. ती लावून आपल्याच ॲपमध्ये शोधाच्या चौकटीत एक वाक्य सलग टाइप करावं, लांब यादी सरकवावी, फॉर्म भरून जमा करावा. जिथे हात थबकतो ती जागा टिपून ठेवावी आणि नव्या वैशिष्ट्यांच्या यादीत ती बगाच्या दर्जाने टाकावी, 'जमल्यास सुधारणा' म्हणून नव्हे. कोड तपासताना 'हे काम किती वेळ घेईल' यासोबत 'तोपर्यंत पडद्यावर काय दिसेल आणि अपयश आलं तर काय दिसेल' हेही विचारलं जावं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ज्या बदलाकडे नाही तो मंजूर होऊ नये.

निकाल लांबवूनही ॲप तत्पर वाटू शकतं, याचं एक उदाहरण रोज वापरात आहे. जीमेलमध्ये पाठवण्याचं बटण दाबलं की पत्र लगेच समोरून जातं, पण प्रत्यक्षात ते ५ ते ३० सेकंद मुद्दाम थांबवून ठेवलेलं असतं, कारण तेवढ्या वेळात परत घ्यायची मुभा दिलेली आहे. ती मुभा पडद्यावर स्पष्ट लिहिलेली असते. अर्ध्या मिनिटाचा हा विलंब कुणाला संथपणा वाटत नाही.